एक पीस, करामती अनेक

बॅडमिंटनचं फूल तुम्ही कधी निवांत न्याहाळलंय? आधी त्याची पिसं मोजा बरं. भरली ना १६? नियमच आहे तसा! वजन जास्तीत जास्त साडेपाच ग्रॅम. पिसं पाळीव हंसाची नाहीतर बदकाची, आणि एका फुलातली सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखातली. का? डाव्या पंखातल्या पिसाचं वळण एका बाजूला, उजव्यातल्याची दुसऱ्या बाजूला. दोन्हींची सरमिसळ झाली, तर फुलाला हवेत नीट गिरकी घेता येणार नाही.

आता वेग ऐका. २०२३ मध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने जपानमध्ये असा स्मॅश हाणला, की फूल ताशी ५६५ किलोमीटर वेगाने सुटलं! जपानची बुलेट ट्रेन धावते ताशी ३२० ने. पण पिसांचा घेर हवा अडवतो आणि फुलाचा वेग झपाट्याने उतरतो. म्हणून तर समोरच्याला ते परतवता येतं.

एवढंसं पीस इतके फटके सोसतं कसं? ते बनतं केराटिनचं. आपली नखंही त्याचीच. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना तंतू, तंतूंना बारीक फाटे आणि फाट्यांना इवलेइवले आकडे. शेजारशेजारचे तंतू या आकड्यांनी एकमेकांत अडकतात, अगदी दप्तराच्या चेनसारखे. कुठे उसवलंच, तर पक्षी चोच फिरवतो आणि पीस पुन्हा अखंड!

अशा पंखांवर पक्षी कुठल्या कुठे जातात. पट्टकादंब नावाचे रानहंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या जायकवाडीला येतात. त्यांच्यातले काही सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे. आणि २०२२ मध्ये गॉडविट जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं, ते थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात उतरलं. अंतर १३,५६० किलोमीटर, वेळ ११ दिवस. वाटेत ना थांबा, ना खाऊ, ना पाणी!

पिसाची आणखी एक जादू म्हणजे रंग. मोरपिसात निळा रंग असतो का हो? नसतो! असतो तो तपकिरी-काळा मेलॅनिन. पण त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या अशा शिस्तीत रचलेल्या असतात, की त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशात निळा-हिरवा रंग झळकतो. मोरपीस कुटून त्याची पूड केली, तर रचना मोडते आणि हाती उरते निव्वळ तपकिरी भुकटी.

पिसांच्या रंगांची ही जादू मेक्सिकोच्या जुन्या कारागिरांनी बरोबर हेरली होती. पिसं चिकटवून ते चित्रं करायचे. १५३९ मध्ये केलेलं त्यांचं एक चित्र आजही फ्रान्समधल्या ओश गावच्या संग्रहालयात आहे.

पण हीच सुंदर पिसं पक्ष्यांच्या जिवावरही उठली. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे मिरवायची फॅशन आली. ते तुरे बगळ्यांना फुटतात ऐन विणीच्या हंगामात. शिकारी मोठ्या पक्ष्यांना मारायचे आणि घरट्यातली पिल्लं उपाशी मरायची. मग काही बायकांनीच कंबर कसली. इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी १८८९ मध्ये मैत्रिणींना जमवलं आणि अशी पिसं वापरायची नाहीत, असं ठरवलं. त्यातूनच पुढे पक्षी वाचवणारी एक मोठी संस्था उभी राहिली. आणि १९२१ मध्ये ब्रिटनने बाहेरून पिसं आणायला कायद्यानेच बंदी घातली.

आता तुमची पाळी. अंगणात कबुतराचं किंवा कावळ्याचं पडलेलं पीस शोधा. तंतू मध्येच फाकवा, मग बुडाकडून टोकाकडे चिमटीने हळूच सारखे करा. सांधले ना? त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि तो कुठे पळतो ते बघा. भिंग असेल तर तेही लावा. आणि हो, खेळून झालं की हात साबणाने स्वच्छ धुवायचे!