मँचेस्टर: ऐकीव आणि खरे

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी सवय. त्यामुळे मूळ मँचेस्टरला निघालेला मराठी पाहुणा काही समजुती घरूनच बांधून नेतो. त्यातल्या चार तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज : तिथे अजून गिरण्यांची धुराडी दिसतात.

वस्तुस्थिती : ते दिवस सरले. कापूस लँकेशायरच्या मातीत कधी पिकलाच नाही. तो लिव्हरपूल बंदरातून यायचा, बराचसा अमेरिकेतून. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, पुरवठा तुटला, गिरण्या थंडावल्या आणि कामगारांवर उपासमारीची पाळी आली. त्याच वेळी मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची मात्र चांदी झाली. विसाव्या शतकात हा धंदा ओसरला. अँकोट्समधल्या जुन्या गिरण्यांत आता लोक सदनिका घेऊन राहतात.

गैरसमज : पाऊस थांबतच नाही.

वस्तुस्थिती : मँचेस्टरमध्ये वर्षाकाठी साधारण 800 ते 900 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे ब्रिटनच्या सरासरीपेक्षाही कमी. मुंबईत सांताक्रूझला एकट्या जुलैत जवळपास तेवढा कोसळतो. मँचेस्टरचा पाऊस बारीक असतो आणि बारा महिन्यांत विखुरलेला, म्हणून त्याचा बोलबाला जास्त. छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट कामाला येते.

गैरसमज : ओल्ड ट्रॅफर्ड म्हणजे मँचेस्टर युनायटेडचे मैदान, आणि ते शहरात आहे.

वस्तुस्थिती : या नावाची मैदाने दोन आहेत, एक फुटबॉलचे आणि दुसरे लँकेशायरचे क्रिकेटचे. दोन्ही मँचेस्टर शहराच्या हद्दीबाहेर, शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये येतात. ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ हा ट्रामचा थांबा क्रिकेटच्या मैदानाला लागून आहे. फुटबॉलवाल्यांना तिथून थोडी पायपीट करावी लागते.

भारतीयांना मात्र तो थांबा सोयीचाच. सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने 1990 मध्ये पहिले कसोटी शतक इथेच ठोकले, नाबाद 119. मुंबईचे फरोख इंजिनीअर 1968 ते 1976 लँकेशायरकडून खेळले.

गैरसमज : विद्येची शहरे म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, इथे नुसता कारखानदारीचा इतिहास.

वस्तुस्थिती : अणूला केंद्रक असते हे रदरफर्ड यांनी 1911 मध्ये मांडले, तेव्हा ते मँचेस्टरच्या विद्यापीठात होते. स्वतःच्याच स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीवर चालणारा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक 1948 च्या जूनमध्ये तिथेच चालला. ग्राफीन वेगळे काढण्याचे 2004 मधले कामही तिथलेच. त्याबद्दल गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांना 2010 चे नोबेल मिळाले.

कारखानदारीच्या इतिहासातूनही विचार निघाला. 1845 च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स चेथम ग्रंथालयात खिडकीजवळच्या मेजावर वाचत बसत. 1653 मध्ये स्थापन झालेले हे ग्रंथालय व्हिक्टोरिया स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे.