रानपिंगळ्याचा पंचनामा

भिलाईवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ धरून पूर्वेला निघालं, की रायपूरच्या पुढे महासमुंद जिल्ह्यातलं बसना लागतं. हाच रस्ता पश्चिमेला नागपूर, अकोला करत खानदेशात धुळ्याला पोहोचतो. पक्ष्यांच्या नोंदी कशा तपासाव्यात, हे शिकवणारं भारतातलं सर्वांत मोठं प्रकरण याच रस्त्याच्या आसपास घडलं.

डिसेंबर १८७२ मध्ये बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना एक छोटं घुबड मिळालं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे नावारूपाला आलेले ॲलन ह्यूम हे पक्ष्यांचे जाणकार. त्यांनी १८७३ मध्ये ती नवी जात म्हणून नोंदवली. हाच रानपिंगळा. नंतर ओडिशातलं खरियार आणि खानदेशातलं शहादा इथूनही नमुने गेले. संग्रहालयांत सगळी मिळून सात कातडी. त्यांतलं शेवटचं १९१४ चं, गुजरातेतल्या मांडवीचं, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या नावचं. त्याला बांधलेल्या ठिकाण-तारखेच्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणाऱ्यांना काहीच सापडेना.

अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी चिठ्ठी बाजूला ठेवून कातडंच तपासलं. पक्षी सोलण्यात, कापूस भरण्यात, टाके घालण्यात ज्याचा त्याचा हात ओळखू येतो. इथे दोन हात दिसले. मूळ काम शहाद्याला पक्षी जमवणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांचं, आणि ते उसवून वर केलेलं दुसऱ्याचं. म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच नमुना चोरून, पुन्हा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर छापलं. एका खोट्या पत्त्याने एका दुर्मीळ पक्ष्याचा शोध भलत्याच रानात नेला, याचा मला आजही संताप येतो.

हे छापण्याआधीच मांडवी वगळल्यावर जुनी खरी ठिकाणं उरली होती. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ बेन किंग यांना भरदिवसा फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. सोबत रासमुसेन आणि डेव्हिड ॲबट होते. १८८४ च्या शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर तब्बल ११३ वर्षांनी! त्यांनी लगेच चित्रीकरण केलं. चित्रीकरणाखेरीज कोणी मानलं नसतं, कारण साधा पिंगळा गावोगावी आहे आणि १९६८ चं नागपूरकडचं एक छायाचित्र रानपिंगळा म्हणून गाजल्यावर साध्या पिंगळ्याचंच ठरलं होतं. फरक बारीक आहे. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, रानपिंगळ्याचं जवळजवळ कोरं. रानपिंगळ्याच्या शेपटीवर रुंद पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले.

आज भिलाईच्या मरोदा जलाशयावर कोणाला अनपेक्षित पक्षी दिसला आणि त्याने पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर नोंद टाकली, तर ती आधी बाजूला काढली जाते. मग त्या भागातले स्वयंसेवक परीक्षक विचारतात: फोटो आहे का, आवाज ध्वनिमुद्रित केला का, मिळत्याजुळत्या जाती कशा वगळल्या? काही जणांना हा अपमान वाटतो. मला यात पक्ष्याचा मान दिसतो. नामांकित माणसाची चिठ्ठी ऐंशी वर्षं बिनदिक्कत चालली, तर नवख्याचा धूसर पण खरा फोटो तिच्याहून मोलाचाच.

अशाच फोटोंच्या बळावर २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा असल्याचं पक्कं झालं. तोवर सह्याद्रीच्या त्या रानात तो असेल, असं कोणी धरलंच नव्हतं.