परमुलखात पत कशी जमवायची?

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, तर कुठे घर तारण ठेवून काढलेले कर्ज, यांच्या आधाराने आपल्या वस्त्यांतील मुलेमुली आज अमेरिकेत जात आहेत. त्यांच्या हुशारीबद्दल शंका नाही. पण तिथे खोली भाड्याने घ्यायला गेले की घरमालक विचारतो, "क्रेडिट स्कोअर किती?"

इथला सिबिलचा आकडा तिथे सहसा चालत नाही. एक्विफॅक्स, एक्स्पेरियन व ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या तिथल्या प्रत्येकाच्या उधारीची नोंद ठेवतात. त्यावरून ३०० ते ८५० मधला आकडा ठरतो. नवख्याला आकडाच नसतो. खाते उघडून सहा महिने झाल्याशिवाय 'फायको' स्कोअर निघत नाही. कधी कर्ज न काढलेला माणूस आपल्याकडे सज्जन, तिथे तो अनोळखी! सावकाराच्या वहीने ज्यांच्या पिढ्या गिळल्या त्यांना हे पटणे जड जाते, आणि ती धास्ती खोटी नाही.

सुरुवात बँकेत अनामत ठेवून मिळणाऱ्या 'सिक्युअर्ड' कार्डाने करावी. बहुधा २०० ते ५०० डॉलर अनामत पुरते. त्यावर किराणा घ्यावा, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आतच खर्च करावा आणि बिल पूर्ण भरावे. थोडी बाकी ठेवली तर पत वाढते, असे मित्र सांगतात. साफ खोटे! वाढते ते व्याज, तेही बऱ्याचदा वर्षाला २० टक्क्यांच्या वर. स्कोअरमध्ये ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला आहे. ३० दिवसांहून जास्त उशीर झाला तर तो डाग ७ वर्षे राहू शकतो. मैत्रीखातर कुणाच्या गाडीच्या कर्जाला जामीन राहू नये. त्याने हप्ता चुकवला तर नाव आपलेही खराब होते.

आमच्या भगिनींना एक गोष्ट नक्की आवडेल. सॅन फ्रान्सिस्कोत मिशन ॲसेट फंड ही संस्था भिशीच चालवते! गटातील प्रत्येकजण दरमहा ठरलेली रक्कम भरतो, पाळीपाळीने एकाला बिनव्याजी रक्कम मिळते, आणि प्रत्येक भरण्याची नोंद त्या कंपन्यांकडे जाते. आपल्या चाळींतील बायकांनी वर्षानुवर्षे पाळलेला शब्द मात्र कुठल्याच वहीत चढला नाही.

वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश पाहून कर्ज नाकारण्यास तिथे १९७४ च्या कायद्याने बंदी आहे. (जात हा शब्द त्यात नाही.) नकार मिळालाच तर कारण मागण्याचा हक्क आहे, तो सोडू नये.

इकडचेही विसरू नये. शैक्षणिक कर्जावर वडील सहकर्जदार असतील तर मुलाचा चुकलेला हप्ता त्यांच्या सिबिलवर चढतो, आणि धाकटीच्या कर्जाच्या वेळी अडचण होते.

तीनही कंपन्यांचे अहवाल दर आठवड्याला फुकट पाहता येतात. नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे आधी तपासावे. आपल्या आडनावांचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे असते, तिथेच पुष्कळ घोळ होतो.