चोर कोणास म्हणावें?

बाजारपेठेंत एखाद्या दुकानांतून माल नाहींसा झाला कीं, पहिला संशय नोकरावर आणि दुसरा वाटेनें जाणाऱ्या एखाद्या पारध्यावर घ्यावयाचा, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. संशय आला म्हणजे गुन्हा शाबीत झाला, आणि गुन्हा शाबीत झाला म्हणजे शिक्षेचा अधिकार धन्यास मिळाला, अशीं दोन अनुमानें लागोपाठ काढलीं जातात. दोन्ही चुकीचीं आहेत. आणि दुसऱ्या अनुमानापायीं फिर्यादीच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहण्याचा संभव असतो. म्हणून व्यापारी वर्गानें हा कायदा नीट समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

१८६२ पासून अमलांत असलेला पीनल कोड जाऊन १ जुलै २०२४ रोजीं त्याचे जागीं भारतीय न्याय संहिता आली. परंतु चोरीची व्याख्या मूळचीच राहिली. वस्तु जंगम असावी, ती दुसऱ्याच्या ताब्यांत असावी, त्याची संमति नसावी, घेणाराचा हेतु अप्रामाणिक असावा, आणि त्या हेतूनें वस्तु जागची हलविलेली असावी. या पांचांपैकीं एक जरी कडी तुटली, तरी चोरीचा आरोप टिकत नाहीं. कायदा येथें मालकीपेक्षां ताबा पाहतो. दुरुस्तीच्या पैशांसाठीं घड्याळजीनें हक्कानें अडवून ठेवलेलें आपलेंच घड्याळ गुपचूप उचलणारा मालकही चोर ठरतो. उलटपक्षीं, रस्त्यावर कोणाच्याही ताब्यांत नसलेली अंगठी उचलणारा चोर नव्हे. ती पचविली तर त्याचा गुन्हा अपहाराचा. आपली समजून प्रामाणिकपणें दुसऱ्याची छत्री नेणारा तर गुन्हेगारच नव्हे. “परत ठेवणारच होतों” ही सबब मात्र चालत नाहीं. सरकारी फाईल कांहीं काळापुरती कचेरीबाहेर नेणें हीही चोरीच, असें सुप्रीम कोर्टानें १९६२ सालीं ठरविलें आहे.

आतां शिक्षेकडे वळूं. साध्या चोरीस कलम ३०३ प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुन्हां दोषी ठरल्यास किमान एक व कमाल पांच वर्षें सक्तमजुरी आणि दंड. राहत्या घरांतील चोरीस कलम ३०५ खालीं, आणि नोकरानें वा गुमास्त्यानें धन्याच्या मालाची केलेल्या चोरीस कलम ३०६ खालीं, सात वर्षांपर्यंत कैद व दंड. चोरीसाठीं इजा करण्याची तयारी ठेवून आलेल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि माल चोरीचा असल्याचें जाणून, किंवा तसें मानण्यास कारण असतां, तो अप्रामाणिकपणें घेणाऱ्यास कलम ३१७ प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्वस्त मिळतो म्हणून बिलावांचून माल उचलणाऱ्या आमच्या कांहीं व्यापारी बंधूंनीं हें शेवटचें कलम विसरूं नये.

माल पांच हजार रुपयांहून कमी किंमतीचा, अपराध पहिलाच, आणि माल अगर त्याची किंमत परत केलेली, अशा प्रकरणीं नव्या कायद्यानें समाजसेवेची शिक्षा घातली आहे. १८६४ च्या कायद्यानें परकी सरकार चोरीबद्दल फटके मारीत असे. स्वतंत्र हिंदुस्थानानें ते १९५५ सालीं बंद केले. पोटासाठीं प्रथमच घसरलेल्या मुलास सराईतांच्या संगतींत तुरुंगांत कोंडण्यापेक्षां त्यास समाजाच्या कामास लावणें शतपटीनें शहाणपणाचें आहे. अशी किरकोळ चोरी आतां अदखलपात्र झाल्यानें मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून पोलिस तपास करीत नाहींत, ही दुकानदारांची तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय हुकूम लवकर मिळावा अशी मागणी करण्याचा आहे. काठी हातीं घेण्याचा नव्हे.

डोळ्यांदेखत दखलपात्र व बिनजामीनी गुन्हा करणाऱ्यास धरण्याचा हक्क सामान्य नागरिकासही आहे. परंतु विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आंत, त्यास पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे. नोकरास वखारींत कोंडून मारणें हे स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि धमकावून लिहून घेतलेल्या कबुलीस कोर्टांत किंमत नाहीं. पोलिसांपुढील कबुलीही पुरावा म्हणून चालत नाहीं, मग पेढीवरील कबुलीची कथा काय? २०१८ सालीं केरळांत अट्टप्पाडी येथें धान्यचोरीच्या संशयावरून जमावानें एका आदिवासी तरुणाचा जीव घेतला. त्या धान्याची किंमत ती काय, आणि त्यापायीं गेलेल्या प्राणाची किंमत कोण भरून देणार?

१८७१ सालीं इंग्रज सरकारनें सबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. आमच्याकडे सोलापुरास त्यांना तारेच्या कुंपणांत डांबलें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण आमच्या मनांतील कुंपण तसेंच उभें आहे. परक्यांनीं मारलेला शिक्का ज्यांस अन्याय वाटतो, त्यांनींच तो आपल्या पेठेंत जपावा, हें स्वराज्यास शोभत नाहीं. चोरी झाल्यास फिर्याद द्या, मालाचे कागद व साक्षीदार पुढें करा, निकालाची वाट पाहा. चोर कोण हें ठरविण्याचें काम कोर्टाचें आहे; तें पेठेनें आपल्याकडे घेतलें, तर त्याच न्यायानें उद्यां कोणाच्याही दुकानापुढें जमाव उभा राहील.