डायलिसिस घेणारे रुग्ण आणि रक्तवाहित विषाणूंचा संसर्ग : एक विवेचन

प्रस्तावना :

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णास डायलिसिस, म्हणजेच यंत्राद्वारे केले जाणारे रक्तशुद्धीकरण, हा जगण्याचा आधार असतो. १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांना जोडून ठेवता येईल अशी नळी तयार केली आणि एकाच रुग्णावर वर्षानुवर्षे हे उपचार करणे शक्य झाले. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाचे रक्त वर्षातून सुमारे १५६ वेळा शरीराबाहेर येते. आपल्याकडे खर्च व प्रवास यांमुळे अनेकांना आठवड्यातून दोनदाच डायलिसिस मिळते. तरीही ही संख्या १०४ होते. शेजारी शेजारी खाटा, तेच कर्मचारी आणि प्रत्येक वेळी सुया टोचणे, या परिस्थितीत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही या विषाणूंचा धोका निर्माण होतो. हा संसर्ग नेमका कोणत्या मार्गाने पसरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विषाणूंचे स्वरूप :

हे तिन्ही विषाणू रक्तातून पसरत असले तरी त्यांची संसर्गक्षमता सारखी नाही. बाधित रक्ताची सुई टोचली गेल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती दोन टक्क्यांहून कमी, तर एचआयव्हीच्या बाबतीत सुमारे ०.३ टक्के असते. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्यास पुरतो.

१९६९-७० मध्ये एडिंबरो येथे उद्भवलेल्या साथीत रुग्णांबरोबर रुग्णालयातील कर्मचारीही दगावले. अमेरिकेत १९७४ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांपैकी ६.२ टक्के रुग्णांना नव्याने हिपॅटायटिस बी होत असे. १९८० पर्यंत हे प्रमाण एक टक्क्यावर आले. लस तेव्हा बाजारात आलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नियमित रक्ततपासणी, बाधितांसाठी स्वतंत्र खोली व यंत्र आणि काटेकोर स्वच्छता यांमुळे ही घट झाली.

संसर्गाचा मार्ग : यंत्र की हात?

सर्वसामान्य समज असा की, संसर्ग यंत्रातून होतो. वस्तुतः रक्त यंत्राच्या अंतर्भागात जातच नाही. ते नळ्यांमधून व डायलायझरमधून फिरते. डायलायझरमधील पटलाची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की, पटल अखंड असेल तर विषाणू त्यातून पलीकडे जाऊ शकत नाही. हिपॅटायटिस सीच्या साथींच्या तपासात वेगळ्याच गोष्टी पुढे आल्या. एका रुग्णाची सुई काढून, हातमोजे न बदलता दुसऱ्याच्या यंत्राची कळ दाबणे. रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपॅरिनची एकच कुपी अनेकांसाठी वापरणे. औषधांची गाडी खाटेखाटेवरून फिरविणे. खुर्चीच्या हातावरील डाग न पुसता पुढील रुग्णास बसविणे. यांपैकी एकही गोष्ट महागड्या यंत्राने टळत नाही. पाळी बदलताना, जेथे एका तंत्रज्ञाकडे अनेक रुग्ण असतात तेथे, हात धुण्यास वेळच उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण येथे आहे. आपल्याकडे डायलायझर धुऊन त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरण्याची पद्धतही आहे. त्यात धुण्याच्या जागी अदलाबदल होण्याचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा डायलायझर पुन्हा वापरूच नये, असा संकेत आहे.

म्हणूनच हिपॅटायटिस बीच्या रुग्णासाठी स्वतंत्र खोली व यंत्र आवश्यक मानले जाते, तर हिपॅटायटिस सी व एचआयव्हीच्या रुग्णांना केवळ त्या कारणासाठी वेगळे ठेवण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे करीत नाहीत. ‘सी पॉझिटिव्ह’ म्हणून रुग्णास नाकारणे हे शास्त्राला धरून नाही, आणि जवळ दुसरे केंद्र नसलेल्या रुग्णाच्या ते जिवावर बेतू शकते.

तपासणी, लस व उपचार :

हिपॅटायटिस सीची प्रतिपिंड चाचणी संसर्गानंतर कित्येक आठवडे नकारार्थी राहू शकते. डायलिसिसच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने हा काळ लांबतो. अशा वेळी विषाणूच्या जनुकीय द्रव्याची थेट चाचणी उपयुक्त ठरते. हिपॅटायटिस बीची लस या रुग्णांना दुप्पट मात्रेत द्यावी लागते आणि नंतर दरवर्षी प्रतिपिंडांची पातळी तपासावी लागते. मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्यापूर्वीच लस दिल्यास ती अधिक लागू पडते.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण उपचार आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तोंडाने घ्यावयाची औषधे मोफत मिळतात आणि साधारणतः १२ आठवड्यांत बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र बऱ्या झालेल्या रुग्णास कायमचे संरक्षण मिळत नाही. त्याच केंद्रात त्यास पुन्हा संसर्ग होऊ शकतो. त्याची प्रतिपिंड चाचणी पुढेही होकारार्थीच येत असल्याने, दर सहा महिन्यांनी विषाणूची थेट चाचणीच करावी लागते.