रेशीम अळीला उन्हाळा कुठे बाधतो?

बीड-जालन्याकडे तुतीची लागवड वाढली, तसे अळीविषयीचे काही समजही पक्के झाले. किडाच तो, त्याला कसला उन्हाळा, हा त्यातला सर्वांत जुना. कीटक स्वतःचे तापमान राखत नाहीत, म्हणून त्यांना उष्मा जाणवत नाही असे लोकांना वाटते. खरे तर म्हणूनच तो त्यांना जास्त बाधतो. शेडमध्ये ३८ अंश झाले की अळीच्या पेशीही जवळपास तितक्याच तापतात, आणि रॅकवरच्या अळीला पळून जायला जागा नसते.

अळी मेली नाही म्हणजे तिला काही झाले नाही, असेही धरून चालतात. पेशी मात्र फार आधी हालचाल सुरू करतात. इटलीचे फेरुचिओ रिटोसा फळमाशीच्या अळ्यांच्या लाळग्रंथी तपासत होते. इनक्यूबेटरचे तापमान वाढलेले असताना त्यांना गुणसूत्रांवर ठरावीक जागी नवे फुगवटे दिसले, आणि १९६२ मध्ये त्यांनी ते निरीक्षण प्रसिद्ध केले. उष्णतेने तिथली जनुके जागी झाली होती. त्या जनुकांपासून बनणाऱ्या हीट शॉक प्रथिनांची ओळख १९७४ मध्ये पटली. उष्णतेने घडी बिघडलेल्या प्रथिनांना ती सावरतात. पण हे काम फुकट होत नाही. कडक उष्म्यात पेशी नेहमीची प्रथिने बनवणे आवरते घेते. रेशीम हेही प्रथिनच आणि रेशीमग्रंथी ही मुळात लाळग्रंथीच, हे लक्षात ठेवावे. त्यात तापलेली अळी पालाही कमी खाते. जिवंत राहिलेल्या अळीचा कोष हलका निघतो तो असा, आणि शेतकऱ्याला हा तोटा विक्रीच्या दिवशी कळतो.

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारा समज वेगळाच आहे: लहान अळी नाजूक, मोठी दणकट. रोगाच्या बाबतीत लहान अळीला जपावे लागते, हे बरोबर. उष्णतेचे गणित मात्र उलटे. चॉकीतल्या, म्हणजे सुरुवातीच्या अवस्थांतल्या लहान अळीला २६ ते २८ अंश आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता मानवते; पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या अळीला २३ ते २५ अंश आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. एकूण पाल्यातला ८० टक्क्यांहून अधिक पाला ती याच अवस्थेत खाते. चॉकी जपून वाढवायची आणि शेवटच्या आठवड्यात शेड तापू द्यायची, हे म्हणूनच अंगावर येते.

त्यावर गोणपाट भिजवणे हा उपाय चांगला, पण खिडक्या बंद ठेवून नव्हे. अंगातले पाणी बाष्प होऊन जाते तेव्हा अळीला थोडा गारवा मिळतो. हवा दमट आणि कोंडलेली असेल तर तेवढाही मिळत नाही, शिवाय ओल्या बिछान्यात रोग फोफावतो. छतावर आच्छादन आणि खेळती हवा आधी हवी.

थंडी पडली की अंडी झोपी जातात, हा समजही बरोबर नाही. वर्षात दोन पिढ्या होणाऱ्या दुबार जातीत अंड्यांची सुप्तावस्था आईवर ठरते, तीही आई स्वतः अंड्यात असताना. तेव्हा तिला २५ अंश आणि उजेड मिळाला, तर पुढे ती सुप्त अंडी घालते. १५ अंश आणि अंधार मिळाला, तर तिची अंडी न थांबता वाढतात. सुप्तावस्थेचा संदेश आईच्या शरीरातल्या एका संप्रेरकाकडून अंड्यांपर्यंत पोचतो. अशी सुप्त अंडी योग्य वेळी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या प्रक्रियेने जागी करता येतात, म्हणून शेतकऱ्याला हिवाळा सरण्याची वाट न पाहता अंडीपुंज मिळतात.