क्लेमच्या अर्जात न मावलेले दुःख

उल्हासनगरचा विषय निघाला की मराठी माणसाच्या मुखी दोनच गोष्टी येतात : सिंधी समाजाची उद्यमशीलता आणि ‘यूएसए’चा तो शिळा विनोद. रिकाम्या हातांनी आलेल्या या निर्वासितांनी फेरीचा धंदा करीत बाजारपेठा उभ्या केल्या, हे खरेच. पण या कौतुकाने एक गोष्ट झाकली गेली. जो कमावू लागला त्याचे दुःख सरले, असे आपण परस्पर ठरवून टाकले.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधील हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबईकडे निघाले. त्यांतील हजारोंना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला. तेथेच १९४९ साली उल्हासनगर आकारास आले. पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली. तेथील निर्वासितांना आपल्या भाषेचा काही मुलूख तरी भारतात उरला. सिंध मात्र सगळाच पलीकडे गेला. दंगा शमला की परतू, या भरवशावर कित्येकांनी घराच्या किल्ल्या शेजाऱ्यांच्या हाती दिल्या होत्या.

मृत्यूच्या दुःखाला दहावे-तेरावे असते. गाव मात्र मरत नाही. ते नकाशावर असते, आपल्या अंगणात दुसरे कोणी वावरत असते आणि आपल्याला तेथे जाता येत नाही. अशा दुःखाचे सुतक फिटावे कसे? परमुलखात झुरणाऱ्या स्विस लोकांची घरओढ योहानेस होफर याने १६८८ मध्येच व्याधी म्हणून नोंदविली होती : सततची खिन्नता, मोडलेली झोप, मंदावलेली भूक.

आपल्याकडे १९५० च्या कायद्याने निर्वासितांचे क्लेम तपासले गेले, १९५४ च्या कायद्याने भरपाईची सोय झाली. घर, दुकान, जमीन यांची किंमत ठरली. त्यात गैर काही नाही; सरकारला विटाच मोजता येतात. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून जवळच होते. पण रात्र रात्र बराकीच्या पायरीवर बसून राहणारी म्हातारी काही वेडी नव्हती. तिच्यासाठी कोणतेच खाते नव्हते.

१९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. लिपी अरबी की देवनागरी, हा वाद मात्र चालूच राहिला. नातवंडे मराठी, हिंदी, इंग्रजी शिकली. अनेक घरांच्या ट्रंकांत अरबी लिपीतील पत्रे अजून जपलेली आहेत. ती लिहिणारे बहुतेक निघून गेले. जपणाऱ्यांना ती वाचता येत नाहीत.